भंगारातून शिल्प करायचंय? पहिला खेकडा करा

भंगारातून शिल्प करायचं म्हटलं की आर्ट कॉलेजातली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं हमखास दोन गोष्टी करायला घेतात, घुबड नाहीतर मोर. घुबडाला दोन गिअर डोळे म्हणून लावले की काम झालं असं वाटतं आणि मोराचा पिसारा चमच्यांचा होतो. दोन्ही इतक्यांदा होऊन गेलंय की परीक्षक पुढे सरकतात. शिवाय मोर पडतो. पिसाऱ्याचं सगळं वजन मागे, पाय दोनच आणि तेही काडीसारखे. मग तोल सांभाळायला खाली जाड प्लेट लावावी लागते आणि ती प्लेट मोरापेक्षा जड होऊन बसते.

म्हणून माझा सल्ला, पहिलं काम खेकड्याचं करा. अंग बुटकं, पाय आठ, पडायचा प्रश्नच नाही. कवच, पाय, नांग्या हे भाग त्याच्या अंगावर मुळातच सुटेसुटे दिसतात, त्यामुळे वेगवेगळ्या वस्तू एकत्र आणल्यात हे लपवायची धडपड करावी लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो वेल्डिंगशिवाय होतो.

हे शेवटचं वाक्य ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण ठिणग्या उडवायच्या असतात. पण ढिगात आकार दिसणं ही या कामातली सोपी बाजू आहे. फावड्यात चोच आणि साखळीत शेपूट कुणालाही दिसते. अवघड असतं ते दोन परक्या वस्तू एकमेकींना अशा जोडणं, की त्या जन्मापासून एकत्र असाव्यात असं वाटेल. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एकत्र आणून बैलाचं डोकं केलं. लोक त्यात त्याची नजर बघतात. मी मात्र हँडल सीटच्या नेमक्या कुठल्या जागी आलंय ते बघते. वेल्डिंगचा रॉड हातात आला की ही जागा शोधायचा कंटाळा येतो, कारण काहीही कुठेही चिकटतं. बोल्टला तसं चालत नाही. भोक कुठे पाडायचं याचा आधी विचार करावाच लागतो.

माल कुठून आणायचा

पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. मुंबईत गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कुर्ला, जहाजांच्या जाडजूड मालासाठी रे रोडचा दारूखाना. चोर बाजारात जरूर फिरा, पण विद्यार्थ्यानं तिथे माल घेऊ नये असं माझं मत आहे. तिथे गंजलेल्या बिजागरीलासुद्धा ‘अँटिक’चा भाव लागतो. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या मुलांना उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांमुळे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माल भरपूर दिसेल. त्याला तूर्त हात लावू नका, का ते पुढे येईल.

पण खरं सांगायचं तर पहिल्या खेकड्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही. गल्लीतलं भंगाराचं दुकान आणि कोपऱ्यावरचं टू-व्हीलरचं गॅरेज पुरतं.

दुकानात जाताना सकाळी लवकर किंवा भर दुपारी जा. संध्याकाळी गोळा केलेला माल घेऊन माणसं येतात, काट्यावर गर्दी असते, तेव्हा तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. काय करणार आहात ते सरळ सांगा.

“काका, जरा ढिगात बघू का? मूर्ती करायचीय, कॉलेजसाठी.”

“भंगाराची मूर्ती? बघ बाबा. पण पसरवू नको, आणि हात कापून घेऊ नको.”

पहिल्या दिवशी एवढंच होतं. दोन-तीनदा गेलात, घेतलेल्या मालाचे पैसे काट्यावर तोलून चोख दिले आणि झालेल्या कामाचा फोटो मोबाईलवर दाखवलात, की काकाच वेगळी वस्तू बाजूला काढून ठेवायला लागतात. किलोच्या भावात घासाघीस करू नका. दुकानदाराला सुटा नग देण्यात तसा काही फायदा नसतो, तुम्ही त्याचा वेळ खाता.

कचरा वेचणाऱ्या बायकांशी ओळख झाली तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. कुठल्या सोसायटीतून काय निघतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे, म्हणजे हे काम करणारी माणसं स्वतःला कामगार म्हणवून घेतात आणि तशीच वागणूक त्यांना द्यायची. त्यांनी वेचून आणलेली वस्तू फुकट मागायची नाही.

खेकड्याची यादी अशी: एक जुनी लोखंडी कढई, साधारण बारा इंची. मोटारसायकलचे क्लच-ब्रेकचे आठ लिव्हर. दोन पकडी, शक्यतो लहानमोठ्या. दोन जुने स्पार्क प्लग. आठ एल पट्ट्या, त्या मिळाल्या नाहीत तर हार्डवेअरच्या दुकानातून नवीन घेतल्या तरी पाप नाही. सायकलची फाटकी ट्यूब.

लिव्हर गॅरेजमध्ये मागा. गाडी घसरून पडली की पहिला बळी लिव्हरचा जातो, त्यामुळे प्रत्येक मेकॅनिकच्या डब्यात वाकलेले चार-पाच पडलेले असतात. टोकाची गोळी शाबूत असलेले निवडा, तेच खेकड्याच्या पायाचं टोक होणार आहे. सगळे अगदी एकसारखे नकोत, पण लांबी जवळपास सारखी हवी.

काय आणायचं नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी नीट वाचा. भंगारात धोका दिसत नाही, कारण वस्तू मेलेली वाटते.

बंद टाकी, ड्रम, पेट्रोलची टाकी कापायला घेऊ नका. रिकामी असली तरी आत वाफ असते आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर दिसायला फार सुंदर असतात, पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत दाबाखालचा वायू असतो. ते न कापता अखंड वापरा. फ्रिजचा कॉम्प्रेसरही तसाच, आत तेल आणि वायू. जुना जाड काचेचा टीव्ही आणू नका. त्याच्या नळीत निर्वात पोकळी असते, फुटली तर काच आतल्या बाजूला ओढली जाऊन मग चौफेर उडते, आणि त्या काचेत शिसं असतं. ट्यूबलाइटमध्ये पारा, गाडीच्या बॅटरीत शिसं आणि आम्ल. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडू नका, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही झटका देऊ शकतो. छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे अजिबात कापायचे नाहीत, त्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

तांबं हवं म्हणून वायर जाळणारी मुलं मी बघितली आहेत. त्या काळ्या धुराचा वास कपड्यांतून जातो, शरीरातून इतक्या सहज जात नाही. चाकूनं साल सोलून काढा.

आता कायद्याचं. रेल्वेचा कुठलाही तुकडा, रुळाची क्लिप असो की फिशप्लेट, कितीही देखणी वाटली तरी घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि ‘मी कलाविद्यार्थी आहे’ हे उत्तर पोलीस चौकीत चालत नाही. गटारांची झाकणं, रस्त्यावरच्या पाट्या, विजेच्या खांबांचे भाग यांचंही तेच. घेतलेल्या मालाची साधी चिठ्ठी दुकानदाराकडून लिहून घ्यायची सवय लावा.

लाकडी पॅलेटच्या फळ्या वापरायच्या झाल्या तर त्यांच्यावर डागलेला शिक्का बघा. परदेशी मालाच्या पॅलेटवर एचटी किंवा एमबी अशी अक्षरं असतात. एचटी म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते ठेवून द्या.

आणि माल आणायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरकडे जाऊन या, पुढचं नंतर.

घरी आणल्यावर

पहिलं भांडण आईशी होतं. त्यात आईची बाजू बरोबर असते. गॅलरीत टायर, डबे, वाट्या पडून राहिल्या की पहिल्याच पावसात पाणी साठतं, डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेचे लोक तपासणीला आले की घरच्यांना ऐकून घ्यावं लागतं. पोकळ वस्तू कायम पालथ्या ठेवा किंवा झाकलेल्या क्रेटमध्ये.

मग धातू ओळखा. खिशात एक लोहचुंबक हवंच, जुन्या स्पीकरमधलं फुकट मिळतं. लोखंडाला ते चिकटतं. पितळ, तांबं, अॅल्युमिनियमला चिकटत नाही. स्टीलच्या भांड्यांचा भरवसा नाही, काहींना चिकटतं, काहींना नाही. आता लिव्हरला लावून बघा. चिकटणार नाही. मोटारसायकलचे बहुतेक लिव्हर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, म्हणून ते लोखंडी कढईला वेल्ड होऊच शकत नाहीत. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे ते घेऊन गेलात तर तो हसेल. तुमचा खेकडा बोल्टचा का आहे याचं अर्धं कारण इथे आहे.

ग्राइंडर वापरायची परवानगी मिळाल्यावर ठिणगीवरूनही ओळखता येतं. साध्या लोखंडाची ठिणगी लांब आणि पिवळसर सरळ रेघ मारते. बिडाची आखूड, लालसर असते आणि टोकाशी फुलते. बीड वजनाला भारी, दिसायला झकास, पण साध्या रॉडनं वेल्ड केलं की थंड होताना जोडाशेजारी टिचकन तडकतं. त्याला निकेलचा रॉड आणि आधी तापवणं लागतं. नवशिक्यानं बीड एकतर बोल्टनं जोडावं नाहीतर बैठकीला वजन म्हणून वापरावं.

धुण्याची पद्धत धातूप्रमाणे बदलते. कढईवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा थर असतो. त्यावर रंगही बसत नाही आणि मेणही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा. लिव्हर मात्र सोड्यात टाकायचे नाहीत, अॅल्युमिनियम काळं पडतं. त्यांना भांड्यांचा साबण पुरे. गंज पुरता काढायचा असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अॅसिड, घ्या. एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून बुचकळा, लगेच पुसा आणि उन्हात ठेवा. ओलं ठेवलंत तर तासाभरात पिवळा गंज पुन्हा धरतो. पितळ असेल तर चिंच, तिला आजवर पर्याय निघालेला नाही.

पेट्रोलनं काही धुवायचं नाही.

मांडणी

इथे घाई करू नका. भरपूर वेळ या पायरीला द्या, हातात एकही हत्यार न घेता.

कढई जमिनीवर पालथी ठेवा आणि भोवती खडूनं गोल काढा. बारा वाजता डोळे येतील असं धरा. कढईचे दोन कान तीन आणि नऊ वाजता ठेवा. ते कापून टाकायचा मोह होईल, कापू नका. समुद्रातल्या खेकड्याच्या कवचाला दोन्ही बाजूंना अशीच टोकं असतात, भाऊच्या धक्क्यावर किंवा मालवणच्या बाजारात जाऊन बघा. बाजारात जाच, कारण फोटोवरून केलेला खेकडा वरून दिसतो तसाच होतो. पाय अंगाला खालून कसे येतात, गुडघा पाठीपेक्षा किती वर जातो, हे कळायला तो हातात उलटा धरावा लागतो. कोळीणबाईंना विचारलंत तर नर-मादीसुद्धा पोट दाखवून सांगतील.

आता कानाच्या पुढे दोन आणि मागे दोन, असे प्रत्येक बाजूला चार लिव्हर नुसते मांडा. बाक वर येईल असे. सगळे सारख्या अंतरावर ठेवलेत तर ते उन्हाच्या किरणांसारखे दिसतात. पुढचे दोन थोडे पुढे झुकवा, मागचे दोन मागे. एखादा पाय उचललेला ठेवा, बाकीचे सात वजन घेतील. हे सरकवासरकवीचं काम आहे, फोटो काढत राहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. रात्री चांगली वाटलेली मांडणी सकाळी बऱ्याचदा कोळ्यासारखी दिसते. कोळी आणि खेकडा यांतला फरक पायांत नाही, रुंदीत आहे. कोळ्यासारखं दिसलं की पाय कवचाच्या आत थोडे ढकला आणि नांग्या पुढे आणा.

भोकं आणि जोड

कढई उचला आणि तिचा कान कसा बसवलाय ते बघा. रिव्हेट. किती वर्षं आच, तेल, ठोकाठोक सोसली असेल, पण कान हलत नाही. चांगला जोड असा असतो.

लिव्हरला गाडीवर बसायचं भोक आधीपासून असतं. त्यात बसेल असा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात लिव्हर घेऊन जाऊनच घ्या, अंदाजानं आणू नका. प्रत्येक पायाला एक एल पट्टी: एक बाजू कढईच्या कडेला बोल्टनं बसते, दुसरी बाजू बाहेर उभी राहते आणि तिच्यावर लिव्हर. यातली गंमत म्हणजे बोल्ट ढिला असेपर्यंत पाय वर-खाली फिरतो. आठही पाय बसवा, मग सात पाय जमिनीला टेकतील असे फिरवा आणि शेवटी आवळा. वेल्ड केलेल्या पायाला हे भाग्य नाही, तो एकदा चुकला की कापावाच लागतो.

भोक पाडताना आधी खडूनं खूण, मग पंच ठेवून हातोडीचा एक ठोका, म्हणजे बारीक खळगा पडतो. कढईला गोलाई आहे, खळगा नसेल तर ड्रिलची पाती घसरून ओरखडा काढते. आतून लाकडाचा ठोकळा धरा आणि कढई सी-क्लॅम्पनं टेबलाला बांधा. हातात धरून भोक पाडायचं नाही, पाती अडकली की कढईच गरगर फिरते. आधी ३ मिलिमीटरची पाती, मग मोठी. वेग कमी, थेंबभर तेल, दाब सावकाश. धूर आला म्हणजे पाती जळतेय. ड्रिल चालवताना हातमोजे काढा, कापड पातीत गुंडाळलं गेलं की बोट सोबत जातं. ओढणी नको, केस बांधलेले, गळ्यात इअरफोनची वायर नको. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, नंबरचा असला तरी त्यावर सेफ्टीचा.

नट साधे न घेता नायलॉक घ्या. त्यांच्या आत नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे ते धक्क्यानं सुटत नाहीत. आणि आता सायकलच्या ट्यूबचं काम. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि मध्ये ओल आली, की अॅल्युमिनियम खाऊन जातं, पांढरी भुकटी सुटते. मुंबई-कोकणातल्या हवेत तर एका पावसाळ्यात. ट्यूबच्या चकत्या कापून पट्टी आणि लिव्हरच्या मध्ये वॉशरसारख्या घाला. बाहेरून दिसत नाहीत आणि पकडही चांगली बसते.

एवढं करूनही अंगाच्या वजनानं पाय बसायला लागले तर लाज बाळगू नका. कढईच्या पोटात मधोमध लोखंडी पाइपचा तुकडा उभा करा, पाय दिसायला आणि भार पाइपवर. वजनाचा अंदाज घ्यायला बांधकामावरचं सूत्र कामाला येतं: गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ नं भागा, मिळतं ते एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम. पुढे मोठं काम कराल तेव्हा हे आकडे कागदावर आधी मांडायची सवय वाचवेल.

नांग्या आणि डोळे

पकडीच्या मुठींवरचं प्लॅस्टिक सोलून टाका. एक पक्कड मोठी, एक लहान, हे मुद्दाम. पुष्कळ खेकड्यांत एक नांगी मोठी असते आणि दोन सारख्या पकडी लावल्या की खेकडा हत्यारांच्या दुकानाची जाहिरात वाटतो. मोठी उघडी ठेवा, लहान मिटलेली. पकडीचा खिळा गंजून घट्ट झाला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा. पकडीचं पोलाद कडक असतं, त्यात भोक पाडायला गेलात तर पाती बोथट होईल, पक्कड नाही. म्हणून कढईच्या पुढच्या कडेला दोन भोकं पाडून एक मूठ बांधकामाच्या बाइंडिंग तारेनं घट्ट आवळा. तार पक्कडीनंच पिळायची, चार वेढे, टोक आत वळवून. नीटनेटकी बांधलेली तार लपवू नका, ती दिसू दे.

स्पार्क प्लगला नेमक्या मापाचं भोक पाडून आतून एम-सीलनं बसवा. चिनी मातीचा पांढरा भाग वर राहील. डोळे सरळ उभे न ठेवता किंचित बाहेर कलते ठेवा, चेहरा लगेच येतो.

रंग

माझं ठाम मत: सोनेरी स्प्रे आणू नका. तांबूस गंज, लिव्हरचा राखाडी, प्लगचा पांढरा, तारेचा काळा, हे चार रंग आधीच जमलेले आहेत. सगळं एका रंगात रंगवायला हरकत आहे असं नाही. शिल्पकार लुईझ नेव्हल्सन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून लाकडाचे तुकडे गोळा करून ते सगळे मुद्दाम काळे करायची आणि त्यातून भिंतीएवढी कामं उभी राहायची. पण तिला तुकड्यांची ओळख पुसायचीच होती. तुम्हाला खेकडा आणि कढई दोन्ही एकाच वेळी दिसायला हवे आहेत.

घरात राहणार असेल तर गंज झडतो तेवढा ब्रशनं काढा, कोरडं करा आणि मेणाचा पातळ हात द्या. उघड्यावर राहणार असेल तर रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर रंग, त्याला पर्याय नाही. जवसाचं तेल लावायला आवडत असेल तर लावा, फक्त तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळे पसरून वाळवा.

वेल्डिंग कधी

खेकडा झाल्यावर. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवणारं कुणी असेल तर उत्तम, नाहीतर ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे सुट्टीत उमेदवारी करा. चहा आणायचा, माल धरायचा, बघायचं. व्हिडिओ बघून शिकलेल्यांचे हात स्थिर असतात पण कान तयार नसतात. चांगला वेल्ड चालू असताना एकसंध चरचर येते, करंट चुकला की तडतड होते.

सुरुवात २.५ मिलिमीटरच्या रॉडनं, दुकानात त्याला बारा नंबर म्हणतात. करंट ६० ते ९० अँपिअरच्या दरम्यान. आधी टॅक, म्हणजे जोडापुरते ठिपके, मारायचे, लांबून बघायचं, पटलं तरच पूर्ण भरायचं. काळी काच १० किंवा ११ नंबरची. उघड्या डोळ्यांनी बघितलंत तर त्या क्षणी काही होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. बाजूला उभ्या मित्रालाही हे लागू आहे.

पाण्याच्या जुन्या जीआय पाइपांवर जस्ताचा मुलामा असतो. ते वेल्ड करताना पांढरा धूर येतो आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढतो. कारखान्यात जुने लोक त्यावर गूळ खायला सांगतात. गूळ खायला काहीच हरकत नाही, पण धुरावर त्याचा इलाज होत नाही. जोडाच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा, मोकळ्या हवेत काम करा.

ग्राइंडरबद्दल एवढंच: गार्ड काढायचं नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि फुटलेली डिस्क कुठे जाईल ते सांगता येत नाही. चांगल्या डिस्कच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा. कपडे सुती, नायलॉनचा शर्ट ठिणगीनं अंगाला चिकटतो.

या टप्प्यावर मागे वळून थोडं बघायलाही हरकत नाही. मुंबईत पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) आणि आदी दावियेरवाला (१९२२–१९७५) या दोघांनी भंगार धातूत काम केलं ते शिल्पकलेत भंगाराला फारशी इज्जत नव्हती त्या काळात. दोघांची कामं जिथे बघायला मिळतील तिथे समोरून नका बघू, मागून जोड बघा. आणि चंदीगडला जाणं झालं तर नेकचंद सैनींची रॉक गार्डन. रस्ते खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसानं सरकारी जंगलाच्या जागेत गुपचूप, वर्षानुवर्षं, फुटक्या बांगड्या, बेसिनचे तुकडे, कपबश्या सिमेंटमध्ये बसवून माणसं आणि प्राणी उभे केले. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. ती बघताना वेल्डिंग येत नाही ही सबब तोंडातून निघत नाही.

प्रदर्शनाला देताना

बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग, यांपैकी कुठेही पाठवायचं तर अर्जात माध्यम म्हणून नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहू नका. ‘लोखंडी कढई, मोटारसायकलचे लिव्हर, पकडी, स्पार्क प्लग’ असं लिहा. परीक्षक तिथेच थांबतो. मापं उंची, रुंदी, खोली या क्रमानं, आणि वजन न विचारताही द्या, मांडणी करणारे दुवा देतात. फोटो ढगाळ दिवशी बाहेर काढा, फ्लॅशमध्ये गंज चिखलासारखा येतो. तीन फोटो पुरेत: खेकड्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून एक, वरून एक, आणि एका जोडाचा जवळून.

नेण्याचा विचार काम सुरू करतानाच केलेला बरा. बोल्टचा खेकडा इथे पुन्हा कामाला येतो. पाय सोडवा, प्रत्येक पायावर आणि त्याच्या पट्टीवर एकच नंबर टाका, कढईत सगळं ठेवून गोणपाटात बांधा. लोकलनं जाणार असाल तर मालडबा, डोक्यावरच्या फळीवर ठेवू नका. सोबत नट आवळायचे दोन पाने, जास्तीचे चार नट आणि तारेचं एक भेंडोळं ठेवा. गॅलरीत पाना मागितला की स्क्रूड्रायव्हर मिळतो.